मकनासची औषधपेटी

दुपारी एक वाजता प्रभावती बारबोले दुबईतल्या त्या फार्मसीचं शटर खाली ओढायची, तेव्हा तिच्या पायांत जीव उरलेला नसायचा. सकाळी साडेआठ ते एक आणि पुन्हा साडेचार ते दहा, अशी तुटकी ड्यूटी. मधल्या वेळात अल क्वोजहून करामाला घरी जायचं तर बसची वाट बघण्यातच तास जाणार. म्हणून बहुतेक दिवस ती आतल्या स्टोअरमध्ये सलाईनच्या खोक्यांवर पाय टाकून पडून राहायची. पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या, गाठाळ झाल्या होत्या. त्यासाठीचे घट्ट मोजे ती रोज गिऱ्हाइकांना विकायची, स्वतः मात्र कधी घातले नाहीत.

नवरा वासुदेव एका कॉन्ट्रॅक्टरकडे ड्राफ्ट्समन. तो सत्त्याऐंशीत दुबईला आला, वर्षाने चार वर्षांच्या रिद्धीला घेऊन ती आली. बार्शीला असताना ती एका मेडिकलमध्ये बसायची. इथली परीक्षा दोनदा देऊन तिने लायसन मिळवलं आणि अल क्वोजमधल्या या गाळ्यात उभी राहिली ती राहिलीच. आजूबाजूला गोदामं, गॅरेजेस आणि कामगारांचे कॅम्प. ग्राइंडरने कापलेली बोटं, डोळ्यात उडालेल्या वेल्डिंगच्या ठिणग्या आणि पाठदुखी, हेच तिचं गिऱ्हाईक.

अलीमियाँ तिच्याकडे पहिल्यांदा आला तो एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात. तो श्रीवर्धनचा. जुमैरातल्या एका व्यापारी अरब कुटुंबाच्या घरी वीस वर्षं कामाला होता. घरची खरेदी, कागदपत्रं, नोकरांचे व्हिसा, सगळं त्याच्याकडे. घरच्या मोठ्या मालकांना तो अरबाब म्हणायचा, आणि हळूहळू प्रभावतीही तसंच म्हणायला लागली. त्याने खिशातून एक यादी काढली आणि तिचं नाव मराठी आहे हे पाटीवर वाचून मराठीतच म्हणाला, की अरबाब मकनासला निघालेत, औषधं बांधून द्या.

मकनास म्हणजे ससाणे घेऊन शिकारीला जाणं. पक्षी हुबारा. आपल्या नान्नजच्या माळावर माळढोक असतो ना, त्याचा धाकटा भाऊ, असं अलीमियाँने सांगितलं तेव्हा तिला चटकन समजलं. शाळेत असताना तिने माळढोक पाहिलेला होता. इथे शिकारीला बंदी, म्हणून हे लोक दर हिवाळ्यात पाच गाड्या, तंबू, ससाणे, शिकारी कुत्रे असं सगळं घेऊन बलुचिस्तानात खारानच्या बाजूला महिनाभर तळ ठोकायचे. सर्वांत जवळचा बरा दवाखाना नऊ तासांवर. मोठमोठ्या शेखांबरोबर डॉक्टर जायचे. या घरची ऐपत चांगली होती, पण डॉक्टर नेण्याइतका थाट नव्हता. घरच्या डॉक्टरने औषधांच्या यादीवर सही करायची आणि पेटी बांधून न्यायची, एवढंच.

अलीमियाँला स्वतःला कधी तिकडे जाता आलं नाही. पासपोर्ट भारताचा. पाकिस्तानच्या व्हिसासाठी कोण खेटे घालणार, आणि घातले तरी देणार कोण? प्रभावतीचं तर विचारायलाच नको. जिथे दोघांपैकी कुणीही पाऊल टाकणार नव्हतं, तिथली सगळी तयारी ही दोघं करायची.

पहिल्या वर्षी तिने पेटी शिकल्याप्रमाणे बांधली. गोळ्या एका कप्प्यात, मलमं दुसऱ्या, ड्रेसिंगचं सामान तिसऱ्या. झाकणाच्या आत इंग्रजीत टाइप केलेली यादी चिकटवली आणि स्वतःवर खूश झाली. जानेवारीत अलीमियाँने पेटी परत आणली तेव्हा ती स्टुलावर बसून उघडायला लागली, आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. डोकेदुखीच्या गोळ्या संपल्या होत्या. बाकी जवळजवळ सगळं जसंच्या तसं. कानाचं औषध कुणीतरी डोळ्यात घातलं होतं. गॅसच्या भडक्याने एकाचा हात भाजला, त्यावर टूथपेस्ट थापली होती आणि भाजल्यावरच्या मलमाच्या सहा ट्यूब पेटीत सीलबंद पडून होत्या.

अलीमियाँ म्हणाला, “बाई, पेटी उघडतो तो याकूब. ड्रायव्हर आहे. त्याला अलिफसुद्धा वाचता येत नाही.”

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना ती दोनदा चुकली.

पुढच्या नोव्हेंबरात तिने अलीमियाँला सांगितलं, यादी नको, याकूबला पाठवा. आला. पंजगूरचा बलुच, चाळिशी उलटलेला, दाढीत पांढरं आलेलं. काउंटरपाशी अंग चोरून उभा राहिला. तिने त्याला आत स्टोअरमध्ये बसवलं, चहा दिला आणि विचारलं, तिथे माणसांना नेमकं काय होतं? त्याने सांगायला सुरुवात केली आणि दीड तास सांगत राहिला. ससाण्याची नखं मनगटात घुसतात, जखम बारीक दिसते पण तिसऱ्या दिवशी हात सुजतो. पहाटे बूट न झटकता घातला की विंचू. काट्याची फांदी गाडीच्या खिडकीतून डोळ्यावर. कुत्र्यांची भांडणं सोडवताना चावे. पाहुणे लोक तिसऱ्या दिवसापासून पोट धरून बसतात. ती लिहीत गेली. औषधांच्या पुस्तकात रोग इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असतात. याकूबच्या तोंडून ते तळावर ज्या क्रमाने व्हायचे त्याच क्रमाने यायला लागले.

मग तिने पेटीतले कप्पे काढून टाकले आणि जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या. रक्त वाहत असेल तर लाल. भाजलं तर पिवळी. डोळा निळी, पोट हिरवी, विंचू आणि साप काळी. जबर दुखण्यावरच्या गोळ्या पांढऱ्या पिशवीत, वेगळ्या. प्रत्येक पिशवीत पुठ्ठ्यावर चित्रं: आधी काय, मग काय, गोळी सूर्य उगवताना की मावळताना. चित्रं रिद्धीकडून काढून घ्यायची. रिद्धी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आईने काढलेला विंचू बघून ती म्हणाली, “मम्मा, दॅट्स नॉट अ स्कॉर्पिअन, दॅट्स अ प्रॉन,” आणि सगळं पुन्हा काढून दिलं.

याकूब एका बैठकीत पाठ करायचा. ती पिशवी उचलायची, तो म्हणून दाखवायचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिला तो बाजी म्हणायचा, म्हणजे ताई. त्या जानेवारीत पेटी परत आली ती निम्मी रिकामी, आणि जे संपायला हवं होतं तेच संपलेलं. तेव्हापासून दर वर्षी हेच. तिने एक वही केली. तीत अरबाब, त्यांचे दोघे भाऊ, मुलगे, नेहमीचे पाहुणे, अशी वीस-बावीस नावं. कुणाला साखरेचा त्रास, कुणाला सल्फाची गोळी चालत नाही, कुणाचं ब्लड प्रेशर. याकूबला विचारून विचारून तिने ती भरली.

हे सगळं ती तिच्या दुपारच्या तीन-साडेतीन तासांत करायची. फार्मसीच्या मालकाला बिल मिळत होतं, त्याला बाकीशी घेणं नव्हतं. दर वर्षी तिला वाटायचं, आता पुरे. वासुदेवही म्हणायचा, तुला कोण विचारतंय एवढं? पण नोव्हेंबर आला की शिलाई मशीनवर कापड यायचंच.

सत्त्याण्णवच्या वर्षी ती जरा जास्तच थकलेली होती. फार्मसीतली दुसरी मुलगी सोडून गेली होती आणि मालक नवी बघतो बघतो म्हणत चार महिने घालवत होता. अरबाबांच्या मुलाने खोकल्याच्या औषधाच्या डझनभर बाटल्या मागितल्या. पेटीत जागा होईना. पाच वर्षं लाल पिशवीच्या तळाशी ठेवलेल्या मोडलेल्या हाडाला आधार द्यायच्या ताठ पट्ट्या तिने बाहेर काढल्या. कधी लागल्याच नव्हत्या. झाकण बसलं.

आठ डिसेंबर, सोमवार. बारा वाजून गेले होते. अलीमियाँचा फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, “बाई, दुकानाची लाइन मोकळी ठेवा. तिकडून फोन येतोय. याकूबचा पाय गेला.”

त्या वर्षी अरबाबांनी ब्रीफकेससारखा उघडणारा सॅटेलाइट फोन नेला होता. मिनिटभरात तो वाजला. पलीकडे नूरुल होता, तळावरचा आचारी, चितगावचा. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. अरबाब आणि बाकीचे पहाटेच ससाणे घेऊन गेलेले, तळावर हे दोघं आणि तंबूवाला. याकूब चाक बदलत होता. खडीत जॅक घसरला आणि गाडी त्याच्या नडगीवर बसली. दोघांनी मिळून फळी घालून गाडी उचलली, त्याला ओढून काढलं. हाड बाहेर दिसतंय. रक्त थांबत नाही.

आवाज सेकंदभर उशिरा यायचा. ती बोलायची, तेवढ्यात तोही बोलायचा, मग दोघंही थांबायची. काउंटरपाशी तीन कामगार उभे होते. त्यातल्या एकाने काय झालंय ते ओळखलं आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर सावलीत जाऊन उभा राहिला.

पेटीतली लाल पिशवी काढ, असं तिने सांगितलं. नूरुलने काढली. आत हाताचं आणि थेंबांचं चित्र आहे म्हणाला. तिने सांगितलं, जाड गॉझ सगळे घे, जिथून रक्त येतंय तिथे दाब आणि सोडू नको. हाड आत ढकलायचं नाही, त्याला हातच लावायचा नाही. तंबूवाल्याला फोन धरायला सांग. घड्याळ बघ. दहा मिनिटं. दहा मिनिटं तिने कानाला फोन लावून ठेवला आणि पलीकडून फक्त वारा ऐकला. मधेमधे कण्हणं.

रक्त कमी झालं. मग बँडेज. मग पायाची बोटं बघायला सांगितली, गरम आहेत का, रंग कसा आहे, तो हलवू शकतो का. अंगठा थोडा हलला. आता पाय बांधायला पट्ट्या हव्या होत्या आणि त्या इथे स्टोअरमधल्या फळीवर होत्या. तिने विचारलं, लाकूड काय आहे तिथे? नूरुल म्हणाला, संत्र्यांचे क्रेट आहेत. तिने ते फोडायला लावले, टॉवेल गुंडाळून दोन बाजूंना फळ्या लावून घेतल्या, गुडघ्याच्या वरपासून टाचेखालपर्यंत बांधून घेतल्या. नूरुलचे हात कामाचे होते. सांगितलं तसं करत गेला.

मग कॅप्सूल. जखम उघडी, नऊ तासांचा रस्ता. अँटिबायोटिक आत्ताच द्यायला हवं होतं. सवयीने तिने वही उघडली आणि बोट नावांवरून खाली नेलं. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. एका पाहुण्याच्या चुलतभावाचं नाव होतं, जो एकदाच आलेला. याकूबचं नव्हतं. ज्या माणसाला समोर बसवून तिने ती सगळी वही भरली, त्याला तुला काय चालत नाही हे तिने सहा वर्षांत विचारलं नव्हतं.

नूरुलकडून विचारून घेतलं. याकूब म्हणाला, आयुष्यात एकदा सुई घेतलीय, गोळ्या कधी घेतल्या नाहीत, माहीत नाही. तिने क्षणभर डोळे मिटले आणि दे म्हणाली. दोन घोट पाण्याबरोबर, बाकी काही खायला द्यायचं नाही, ऑपरेशन लागेल. अर्धा तास त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहा, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर काळ्या पिशवीतली छोटी गोळी, आणि लगेच फोन.

“अब सफेद थैली,” ती म्हणाली. “दर्द की गोली. एक दे दो.”

पलीकडे बोलणं झालं. नूरुल परत आला. “बहनजी, नहीं ले रहा. बोलता है वो अरबाब लोगों की है. कम पड़ जाएगी.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. सहा वर्षं तो ही पिशवी सांभाळत होता. पाहुण्याच्या दातदुखीला, अरबाबांच्या पाठीला, मोजून देत होता. तिनेच शिकवलं होतं, ही जपून वापरायची.

“फोन उसके कान पे लगाओ.”

श्वास ऐकू यायला लागला, मोठा, तुटक.

“याकूब, मैं प्रभावती.”

“जी बाजी.”

“ये गोली मैंने आपके लिए रखी है. बाँधते समय आपका नाम लेके रखी है. अरबाब की अलग है. समझे?”

वारा आणि श्वास. मग नूरुलचा आवाज आला, घेतली म्हणून. थोड्या वेळाने तो म्हणाला, लांब धूळ दिसतेय, गाड्या परत येतायत. आणि लाइन गेली.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर सावलीत थांबलेल्या कामगारांना तिने आत बोलावलं. एकाला खोकला होता, एकाच्या तळहाताला फोड. तिने त्यांना औषधं दिली, शटर ओढलं आणि स्टोअरमध्ये जाऊन खोक्यावर बसली. पाय वर घेतले नाहीत. फळीवर त्या पट्ट्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. साडेचारला तिने दुकान उघडलं. फोन आला नाही. म्हणजे गांधी उठल्या नसाव्यात, किंवा फोन लागत नसावा.

तीन दिवस काहीच कळलं नाही. अलीमियाँलाही नाही, तळ हलला होता आणि फोन अरबाबांच्या गाडीत होता. प्रभावती कामाला गेली, आली, भाजी केली, रिद्धीच्या शाळेतल्या मीटिंगला जाऊन आली. वासुदेवने विचारलं तेव्हा तिने अपघाताचं सांगितलं, वहीचं सांगितलं नाही. गुरुवारी दुपारी अलीमियाँ स्वतः आला, टोपी काढून काउंटरवर ठेवली. याकूबला क्वेट्टाला नेलं, तिथून अरबाबांनी विमानाने कराचीला. दोन ऑपरेशनं झाली. पाय राहिला. डॉक्टर विचारत होते की पहिला उपचार कुणी केला, आणि नूरुल म्हणाला, दुबईच्या बहनजीने.

“बाई, तुम्ही बसा जरा,” अलीमियाँ म्हणाला. ती उभी राहूनच ऐकत होती.

पाय राहिला, पण लांबीला दोन बोटं आखूड आणि घोट्यात ताठ. क्लच दाबता येईना. पुढच्या ऑक्टोबरात याकूब व्हिसा कॅन्सल करायला दुबईला आला आणि काठी टेकत फार्मसीत शिरला. तिने स्टूल पुढे केलं. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईक होतं. ती एकेकाला देत होती, तो वाट बघत बसला होता. मधे थोडी उसंत मिळाली तेव्हा त्याने सांगितलं, की पंजगूरला भावाबरोबर टायर पंक्चरचं दुकान टाकतोय, बसून करण्यासारखं काम आहे. खजूर आणला होता, घरच्या झाडांचा.

मग तो सहज विचारावं तसं म्हणाला, “बाजी, वो गोली सच में मेरे नाम की थी?”

तिला हो म्हणता आलं असतं. दिवसभर उभं राहून ती इतकी दमली होती की बोलणं रचायचं बळ नव्हतं.

“नहीं, याकूब. मैंने सोचा ही नहीं था. आपका नाम वही में भी नहीं था.”

त्याने मान हलवली. रागावला असं दिसलं नाही, नवल वाटलं असंही दिसलं नाही. “मुझे लगा था,” तो म्हणाला. “पूरे रास्ते गाड़ी में यही सोच रहा था, कि बाजी झूठ बोल रही है. फिर नींद लग गई.”

तो थोडा हसला. तिला हसू आलं नाही. एक माणूस औषधाची चिठ्ठी घेऊन काउंटरशी येऊन उभा राहिला, तेव्हा याकूब काठीवर जोर देऊन उठला आणि निघाला. दारापाशी त्याने नव्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं, मुलगा बरा आहे, वाचता येतं, पण घाई फार करतो, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. त्यानंतर ती त्याला कधी भेटली नाही. ईदला अलीमियाँच्या हातून त्याचा सलाम यायचा, कधी खजूर. दोन हजार दोननंतर तेही थांबलं, आणि का ते अलीमियाँलाही कळलं नाही.

नोव्हेंबर आला. अलीमियाँ यादी घेऊन आला तेव्हा तिने सांगितलं, या वेळी एकट्या ड्रायव्हरला पाठवून चालणार नाही, जाणारे सगळे कामाचे लोक आणा. तो म्हणाला, बाई, अकरा जण आहेत, गाडीत कसे घालू? ती म्हणाली, दोन खेपा करा.

दुपारी एकला ते आले. ससाणे सांभाळणारे दोघे, कुत्रेवाला, तंबूवाला, चार ड्रायव्हर, दोन मदतनीस, आणि नूरुल, जो तिने कल्पना केली होती त्यापेक्षा खूपच लहानखुरा निघाला. अर्धं शटर ओढून तिने त्यांना आत घेतलं. कपाटांना धक्का लागू नये म्हणून सगळे हात छातीशी घेऊन उभे. बाहेर अरबाबांच्या मुलाने गाडीतून हॉर्न दिला आणि घाई करत यल्ला, यल्ला म्हणून ओरडला. अलीमियाँ त्याला काहीतरी सांगायला बाहेर गेला.

तिने वहीचं नवं पान काढलं आणि पहिल्याला नाव विचारलं. त्याने अरबाबांचं नाव सांगितलं. त्याला वाटलं, कुणाकडे काम करतोस असं विचारतायत. नाही, तुझं नाव, ती म्हणाली. मग विचारलं, कधी कुठल्या औषधाने त्रास झाला का? तो शेजारच्याकडे बघायला लागला. शेजारच्याने खांदे उडवले. कुत्रेवाला म्हातारा म्हणाला, आपल्याला तर पाणी पण त्रास देतं, आणि सगळे दबकत हसले. तिने पुन्हा विचारलं, हळू, हिंदीत, मग नूरुलने बंगालीत, मग कुणीतरी बलुचीत. एकाला आठवलं की लहानपणी सुईनंतर तोंड सुजलं होतं. ते तिने लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्यापर्यंत पोचेतो पोटऱ्या ठणकायला लागल्या होत्या. सलाईनचं एक खोकं तिने पायाने पुढे ओढलं, त्यावर एक पाय ठेवला, आणि चौथ्याला पुढे बोलावलं.